विषमता आणि वैषम्य : या चुका टाळा

मुद्रितशोधन करताना 'वैषम्यता' आठवड्यातून एकदा तरी समोर येते आणि दर वेळी मी ती खोडते. मूळ शब्द 'विषम'. त्याला 'ता' लागला की विषमता. 'य' लागून पहिल्या स्वराची वृद्धी झाली, म्हणजे 'वि'चा 'वै' झाला, की वैषम्य. दोन्ही नामंच. मग वैषम्यावर पुन्हा 'ता' कशाला? सौंदर्यता, ऐक्यता, प्रावीण्यता ही त्याच चुकीची भावंडं. शब्द लांबवला की लिखाण वजनदार होतं, हा नवशिक्यांचा समज काही केल्या जात नाही.

त्याहून घातक चूक अर्थाची. मराठीत 'वैषम्य वाटणे' म्हणजे मनाला लागणे. एका कारखान्यात बायका आणि पुरुषांना सारख्या कामाचा सारखाच पगार मिळतो, अशी बातमी होती. घाईत मथळा आला : 'महिला कामगारांना वेतनाचे वैषम्य नाही'. व्याकरण बिनचूक, म्हणून मीही तो जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका बाईंचा फोन आला. "आम्हाला पगाराचं काही वाटत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मला उत्तर देता आलं नाही. 'महिला कामगारांना वेतनाचे वैषम्य नाही' ऐवजी 'महिला-पुरुषांच्या वेतनात विषमता नाही' एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. तेव्हापासून आकड्यांतल्या फरकाला मी विषमता किंवा तफावत लिहिते, वैषम्य मनासाठी राखून ठेवते. 'आर्थिक वैषम्य' चूक नाही, पण वाक्यात 'ना' आणि 'चे' जवळ आले की मी ते बदलतेच.

'विषमताचे' नव्हे, 'विषमतेचे'.

'विशमता' तर नकोच. वि + सम, इकारानंतर 'स'चा 'ष' झाला. विषाचा इथे संबंध नाही.

भाषा वेगळ्या असणं ही विविधता. भाषेवरून कुणाला संधी कमी मिळणं हा भेदभाव, आणि त्यातून साचत जाते ती विषमता. तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. विषमतेचा विरुद्धार्थी शब्द समता, एकसारखेपणा नव्हे. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत राजकारणातली समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनातली विषमता अशी विसंगती मांडली, ती जोडी हीच.

गरिबीलाही विषमता म्हणू नका. उत्पन्नातली विषमता मोजणारा जिनी गुणांक 0 ते 1 मध्ये असतो, आणि गावातल्या सगळ्यांचं उत्पन्न सारखंच तुटपुंजं असेल तर तो 0 येतो.