हवामानबदलावरील ऑनलाइन सत्रे : पत्रकारांनी या चुका टाळाव्यात

हवामानबदल आणि पर्यावरण या विषयांवर पत्रकारांसाठी होणारी बरीचशी ऑनलाइन सत्रे विनाशुल्क असतात, आणि बहुधा म्हणूनच ती गांभीर्याने घेतली जात नाहीत. अर्थ जर्नलिझम नेटवर्क किंवा कव्हरिंग क्लायमेट नाऊ यांसारख्या संस्थांची सत्रे आज तालुक्याच्या गावी बसूनही ऐकता येतात. पण ऐकलेले बातमीत उतरण्याआधीच बरेच काही सांडते.

पहिली फसगत घड्याळाची असते. न्यूयॉर्कमधील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. युरोपात तोच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत अंदाज हमखास चुकतो. एका मार्चमध्ये मी जुन्या हिशेबाने साडेआठला हजर झाले, तेव्हा सूत्रसंचालक वक्त्यांचे आभार मानत होते. नोंदणीनंतर आलेल्या ईमेलमधील ‘कॅलेंडरमध्ये जोडा’ हे बटण दाबले, तर आपली स्थानिक वेळ आपोआप दिसते. साडेसात ही पान छपाईला सोडण्याची वेळ असल्याने हजर राहणे जमणार नसेल, तरीही नोंदणी करावी, कारण रेकॉर्डिंगची लिंक पुष्कळदा नोंदणी केलेल्यांनाच पाठवली जाते. ती सापडत नसेल तर स्पॅमचा कप्पा उघडून पाहावा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र भाषांतराची आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञमंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90 टक्के संभाव्यता, असे ठरलेले अर्थ आहेत. आपण दोन्हींचे ‘शक्यता आहे’ करतो, म्हणजे ‘उद्या तुरळक सरींची शक्यता आहे’ इतकेच त्याचे वजन उरते. वक्त्याने हे शब्द उच्चारताच वहीत शब्दाऐवजी टक्केवारी लिहून ठेवावी. बातमी लिहिताना मराठी शब्द सुचला नाही, तरी आकडा हाताशी राहतो.

उलट बाजूने, आपला एक लाडका शब्द आपण फार सैल सोडला आहे. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच ती ढगफुटी. ओढ्याला पूर आला की आपण ‘ढगफुटीसदृश’ लिहून मोकळे होतो, आणि त्या ‘सदृश’ने आजवर किती उपसंपादकांना तारले असेल, याची मोजदाद नाही. अतिवृष्टीवरील सत्राला बसण्यापूर्वी अशा पाच-सहा व्याख्या एका कागदावर समोर ठेवल्या, तर वक्ता नेमके कशाबद्दल बोलत आहे हे कळते.

प्रश्न विचारतानाही असेच होते. ‘भारतावर काय परिणाम होईल?’ या प्रश्नाला दुसऱ्या खंडातील तज्ज्ञ तितकेच मोघम उत्तर देणार. त्याऐवजी असे लिहावे : ‘उष्णतेच्या लाटेसाठी आमच्याकडे मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि किनाऱ्यावर किमान 37 अंश असावे लागते, शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते, मग रत्नागिरीच्या दमट हवेत 36 अंशांना शेतमजुराला होणारा त्रास कोणत्या निर्देशांकाने मोजावा?’ हा मजकूर आधीच टाइप करून ठेवावा आणि प्रश्नोत्तरांच्या चौकटीतच टाकावा, कारण चॅटमधील नमस्कारांच्या ओघात तो वाहून जातो.

वक्त्याचे विधान नावानिशी छापायचे असल्यास आयोजकांना आधी विचारून घ्यावे. काही सत्रे केवळ पार्श्वभूमीसाठी असतात.

आवाज तुटत असेल तर प्रथम स्वतःचा कॅमेरा बंद करावा आणि तरीही जमले नाही तर स्वयंचलित कॅप्शन सुरू करावीत. मात्र ती ‘फिफ्टीन’चे सहज ‘फिफ्टी’ करतात, तेव्हा आकडा स्लाइडवरूनच उतरवून घ्यावा.