‘जॉब गॉट टू मी’ : ‘गेट’ वापरताना या चुका टाळा

खानापूरकडची एक मुलगी माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायची. पुण्यातल्या मुलाखतीचा निकाल कळला त्या संध्याकाळी तिचा फोन आला : ‘‘सर, जॉब गॉट टू मी!’’ त्या वेळी मी वाक्य दुरुस्त केलं नाही, अभिनंदन केलं. पण ही चूक बेळगाव भागात इतकी ऐकू येते की तिच्यावर नीट लिहायला हवं.

चूक येते कुठून ते आधी बघा. आपण म्हणतो, ‘मला नोकरी मिळाली’. शेजारचा कन्नड माणूस म्हणतो, ‘ननगे केलस सिक्तु’. ‘ननगे’ म्हणजे ‘मला’च. दोन्ही भाषांत नोकरी आपल्या पायांनी चालत येते आणि माणूस ‘मला’ म्हणून जागेवर उभा असतो. इंग्रजीत माणूस पुढं आणि मिळालेली गोष्ट मागं : ‘आय गॉट अ जॉब’. आपल्या मुलांना ‘मला’ची सवय घरातून लागते आणि गल्लीतूनही, त्यामुळे ती मोडायला जास्त सराव लागतो.

उपाय असा. तोंड उघडण्याआधी मराठी वाक्यातला ‘मला’, ‘तिला’, ‘आम्हाला’ शोधा आणि त्याचा ‘मी’, ‘ती’, ‘आम्ही’ करून पुढं ठेवा. मला पत्र मिळालं : आय गॉट अ लेटर. तिला ताप आला : शी गॉट अ फीवर. मला कळलं : आय गॉट इट. आपली तीन वेगळी क्रियापदं, तिथं एकच. मात्र प्रत्येक ‘मला’मागं ‘गेट’ नसतं. ‘मला भूक लागलीय’ म्हणजे ‘आय ऍम हंग्री’. भूक लागायला लागली असेल, तरच ‘आय ऍम गेटिंग हंग्री’.

‘कुंदा इज गेटिंग हिअर?’

कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. ‘इथं कुंदा मिळतो काय?’ याचं हे शब्दशः इंग्रजी. ऐकणाऱ्याला वाटतं, कुंदा काहीतरी मिळवतोय, आणि काय मिळवतोय ते ऐकायला तो थांबून राहतो. मिठाईच्या दुकानात सरळ ‘डू यू हॅव कुंदा?’ विचारा. बाहेरगावच्या पाहुण्याला सांगायचं असेल तर ‘यू गेट गुड कुंदा इन बेळगाव’ म्हणा. यातला ‘यू’ म्हणजे समोरचा पाहुणाच असं नाही, तो कुणीही. मराठीत या जागी माणूस लागतच नाही, म्हणून तो घालायचं सुचत नाही. ‘मिळतं’ म्हटल्यावर कुणाला मिळतं ते स्वतःला विचारा. उत्तर ‘कुणालाही’ आलं, की ‘यू’ घाला.

‘आय गॉट माय मामा’

ही खास आपल्याकडची. आपण ‘किल्ली गावली’ म्हणतो आणि ‘बाजारात मामा गावला’ही म्हणतो. कन्नडमधलं ‘सिक्क’ही असंच दोन्हीकडं चालतं. मग मुलं ‘आय गॉट माय मामा इन खडे बाजार’ लिहितात. इंग्रजीत माणूस भेटला तर ‘मेट’, हरवलेली वस्तू सापडली तर ‘फाउंड’.

हा फरक फक्त मार्कांपुरता नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला बसमध्ये कुणाचं तरी पाकीट सापडलं. शेजारचा प्रवासी परप्रांतीय होता, म्हणून त्यानं इंग्रजीत सांगितलं, ‘आय गॉट अ पर्स’. ‘मी पाकीट घेतलंय’ असा त्याचा अर्थ लागला आणि त्या माणसानं फक्त मान हलवली. ‘आय फाउंड दिस पर्स’ म्हटल्यावर मग शोधाशोध सुरू झाली. पोरगा प्रामाणिक होता, शब्दानं त्याला साथ दिली नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण सीमाभागातल्या माणसाला ती जवळची वाटेल. ‘गेट’ हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडून समुद्रामार्गे येऊन इंग्लंडात वस्ती केलेल्या लोकांच्या ‘गेता’ या शब्दावरून. ‘टेक’ आणि ‘दे’ (म्हणजे ‘ते लोक’) हेही त्यांच्याच भाषेतले. शेजाराशेजारानं राहता राहता शब्द घरचे झाले, जसे कन्नडमधले अक्का आणि अण्णा आपल्या घरात राहतात.

करवून घेतलेली कामं

इथं सगळ्यात जास्त घसरतात. ‘मी केस कापले’ आपण बिनधास्त म्हणतो, कापणारा न्हावी असला तरी. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री तुमच्याच हातात. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणा. क्रम पाठ करा : गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आपल्याकडं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि पुष्कळ घरांत तो कुणाकडून तरी मराठीत करून घ्यावा लागतो : ‘वुई गॉट द उतारा ट्रान्सलेटेड’. ‘गॉट ट्रान्सलेटेड द उतारा’ नव्हे. माणसाचं नाव घ्यायचं असेल तर मधे ‘टू’ येतो : ‘आय गॉट माय ब्रदर टू ट्रान्सलेट इट’.

बाकीच्या चुका लहान आहेत. पावसात भिजलो म्हणजे ‘गॉट वेट’. डॉक्टर झाली म्हणजे मात्र ‘बिकेम अ डॉक्टर’; ‘गॉट अ डॉक्टर’ म्हटलं तर तिनं डॉक्टर मिळवला असं होतं. लग्न ‘गॉट मॅरीड टू’, ‘विथ’ नको. बसमधून उतरताना ‘गेट ऑफ’, रिक्षातून ‘गेट आउट ऑफ’. ‘गेट डाउन’ इथल्या कंडक्टरला कळतं, परदेशात त्याचा अर्थ खाली वाका असा होतो. आणि ‘डिडन्ट गॉट’ कधीच नाही, ‘डिड’नं भूतकाळ आधीच उचललेला असतो : ‘डिडन्ट गेट’.

शेवटची चूक अर्जातली. बोलताना ‘गेट’ छान, कचेरीला लिहिताना ते ढिलं वाटतं. मार्क्स कार्ड आलं नसेल तर ‘आय हॅव नॉट रिसीव्ड माय मार्क्स कार्ड’ लिहा. नोकरी लागलेल्या त्या मुलीला रुजू होण्याचं पत्र यायला उशीर झाला, तेव्हा कंपनीला पाठवायचा मजकूर तिनं मला आधी दाखवला. पहिली ओळ होती, ‘आय हॅव नॉट गॉट द लेटर’. ‘आय’ जागेवर होता. मी ‘गॉट’ खोडून ‘रिसीव्ड’ केलं आणि परत पाठवलं.