भिंतीवरची मूल्यं टेबलावर आणताना: कोकणातल्या छोट्या सीए ऑफिससाठी

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी. कुठल्याही पाच-सात माणसांच्या सीए ऑफिसात गेलात तर "सचोटी, गुप्तता, तत्परता" अशी एखादी पाटी दिसेल. पाटीला हरकत नाही, पण ती वाचून नव्या आर्टिकलला (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराला) सकाळी अकरा वाजता नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून एक कागद घ्या आणि प्रत्येक मूल्यापुढे चार गोष्टी लिहा: हे काम कुणाचं, कधी करायचं, नोंद कुठल्या वहीत, आणि राहून गेलं तर कुणाला सांगायचं. ज्या शब्दापुढे हे चार रकाने भरता येत नाहीत तो पाटीवरून काढून टाका. "उत्कृष्टता" बहुतेक पहिल्याच फेरीत जाईल.

गुप्तता

आपल्याकडे सगळ्यात आधी हीच सुटते, आणि तीही वाईट हेतूनं नव्हे. ऑफिसातली मुलगी ज्या वाडीतली, त्याच वाडीत आपले तीन क्लायंट असतात. बाजारात कुणी सहज विचारतं, "काय गो, आमच्या भाऊंचा रिटर्न भरून झाला?" "झाला" म्हटलं तरी माहिती गेली. "त्यांना विचारून सांगते" म्हटलं तरी ते आपले क्लायंट आहेत हे कबूल झालं. म्हणून एक ठरलेलं वाक्य पाठ करून घ्या: "ऑफिसातलं बाहेर बोलायला सरांनी बंदी केलीय." वाईटपणा सरांकडे जाऊ द्या, म्हणजे मुलीचे वाडीतले संबंध बिघडत नाहीत आणि वाक्य खरोखर वापरलं जातं. रुजू होण्याच्या दिवशीच ते दोनदा बोलून घ्या. क्लायंटची संमती किंवा कायद्याची सक्ती नसताना त्याची माहिती उघड करणं हे 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. तोंड कुणाचंही सुटलं तरी उत्तर सीएला द्यावं लागतं.

खरी कसोटी भाऊबंदकीत लागते. सातबारावर आठ-दहा नावं, जमीन विकलेली, आणि त्यातले दोघे भाऊ आपल्याकडेच. एक येऊन विचारतो, "दादानं किती रक्कम दाखवली?" नवी फाइल उघडतानाच दोन प्रश्न विचारून उत्तर फाइलीच्या पहिल्या पानावर लिहा: मालमत्तेत आणखी कोण हिस्सेदार आहेत, आणि व्यवसायात भागीदार कोण? त्यातलं एखादं नाव आपल्या यादीत असेल तर दोघांच्या फाइली आणि संपर्काचे नंबर वेगळे ठेवा, सोयीसाठी कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप करू नका. वाद सुरू झाल्याचं कळलं की दोघांनाही तसं कळवून लेखी संमती घ्या. ती मिळाली नाही तर त्या वादाशी निगडित काम दोघांचंही करू नका. फी जाते, पण दोन्ही घरं गमावण्यापेक्षा ते परवडतं.

कागद आणि डोंगल

मूळ कागद ऑफिसात मुक्कामाला ठेवू नयेत. आला, आवक वहीत नोंदला, स्कॅन केला, सही घेऊन त्याच दिवशी परत दिला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांनी काहीच वाचवलं नाही. मे संपण्याआधी फाइली वरच्या मजल्यावर किंवा निदान वरच्या फळीवर हलवा. बॅकअपची एक प्रत क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्क दुसऱ्या गावात ठेवा. मालकाचं घर त्याच नदीकाठी असेल तर तिथली डिस्क धरू नका. ऑडिटचे कामाचे कागद अहवालाच्या तारखेपासून किमान 7 वर्षं जपायचे असतात.

डिजिटल सहीचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायची पेनड्राइव्हसारखी वस्तू) क्लायंटकडेच असलेलं उत्तम. ठेवून घ्यावंच लागलं तर लेखी अधिकार घ्या, कुलपाचा खण आणि काढ-घालीची वही ठेवा. पिन डोंगलवर चिकटपट्टी लावून लिहिण्याची सवय सर्रास दिसते. ती आजच बंद करा.

तत्परता म्हणजे सोमवारची पोर्टल फेरी

फोन लगेच उचलणं ही तत्परता दिसायला बरी, पण क्लायंटचं नुकसान होतं ते न पाहिलेल्या नोटिशीमुळे. जीएसटी नोंदणी रद्द करण्याच्या कारणे दाखवा नोटिशीला कामाच्या 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिन्यातून एकदा, रिटर्न भरतानाच पोर्टल उघडणाऱ्या ऑफिसात ही मुदत कुणाला न कळता संपते. दर सोमवारी एका ठरलेल्या माणसानं प्रत्येक जीएसटी क्लायंटचं लॉगिन उघडून नोटिसा पाहायच्या. "अतिरिक्त नोटिसा व आदेश" हा वेगळा भागही उघडायचा, कारण काही नोटिसा फक्त तिथेच दिसतात. नोटीस सापडली की क्लायंटला त्याच दिवशी फोन, आणि वहीत उत्तराची शेवटची तारीख लाल शाईनं.

"रिटर्न भरलं" हे वाक्य क्लायंटला कधी सांगायचं, तेही ठरवा. प्राप्तिकराचं रिटर्न अपलोड झाल्यावर 30 दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते काम पुरं झालं नाही. आपल्याकडे अडचण अशी, की बागायतदार गावात आणि आधारशी जोडलेला मोबाइल मुंबईतल्या मुलाकडे. अपलोड करण्याआधी त्या मुलाशी वेळ ठरवा, ओटीपी त्याच बैठकीत घ्या. नंबरच बंद असेल तर पोचपावतीवर सही घेऊन ती मुदतीत स्पीड पोस्टानं प्राप्तिकर खात्याच्या बंगळूरच्या केंद्राला पाठवा. पडताळणी झाल्याशिवाय फाइलीवर "पूर्ण" लिहायचं नाही.

सचोटीचंही असंच. "टॅक्स लागणार नाही ना?" या प्रश्नाला घाईनं "नाही" म्हणू नये. काजू कारखानदारानं शेतकऱ्याकडून न सोललेली बी घेतली तर जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, खरेदीदारावरच येतो. हंगामाआधी एका कागदावर हे लिहून दिलं तर नंतर व्याजावरून वाद होत नाही.

पैसे

इथे एकच नियम पुरे: कर्मचाऱ्यानं कराची रोकड हातात घ्यायची नाही. "तेवढं भरून टाक" म्हणणारा क्लायंट विश्वासानंच म्हणतो, पण चलन दोन दिवस लांबलं की व्याज आणि संशय दोन्ही चढतात. चलन काढून द्या, पैसे त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. क्लायंटचा पैसा काही कारणानं आपल्याकडे आलाच तर तो वेगळ्या बँक खात्यात ठेवणं सीएला बंधनकारक आहे. फी कामाआधी लेखी सांगा. वाचवलेल्या कराच्या टक्केवारीवर फी घ्यायला, ठरावीक अपवाद सोडले तर, आचारसंहितेची मनाई आहे.

चूक आणि सुट्ट्या

चुकीचा आकडा गेला हे कर्मचाऱ्यानं त्याच दिवशी सांगावं असं वाटत असेल तर पहिल्या वेळी पगार कापू नका. दंड लावणाऱ्या ऑफिसात चुका कमी होत नाहीत, फक्त उशिरा कळतात. क्लायंटला मात्र साहेबानंच फोन करायचा. विलंब शुल्क आपल्यामुळे लागलं असेल तर ते कोण भरणार हेही त्याच फोनवर सांगायचं.

गणपतीत ऑफिस बंद राहणार हे गृहीत धरूनच वर्षाचा तक्ता करा. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि अॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा, एकूण 45 टक्क्यांपर्यंतचा हप्ता 15 ला. म्हणजे त्या महिन्यात 7 तारखेचा टीडीएस (पैसे देताना कापलेला कर), 11 तारखेचं जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील देणारं जीएसटी रिटर्न) आणि हा हप्ता, तिन्हींचे आकडे 5 तारखेपर्यंत मागवावे लागतील. 20 तारखेच्या थ्रीबीसाठी (कर भरण्याच्या जीएसटीआर-3बी रिटर्नसाठी) दीड दिवसाच्या गणपतीवाल्यांपैकी एकाची पाळी आत्ताच लावून ठेवा, आणि त्याला बदली सुट्टी कधी मिळणार तेही तक्त्यावरच लिहा.