नायोबियम कॅव्हिटी: वेल्डिंगपर्यंत आणि पुढे

नायोबियम कॅव्हिटी म्हणजे कणत्वरकातला धातूचा पोकळ डबा, यातल्या रेडिओ लहरी कणांना वेग देतात. पत्रा आरआरआर ३०० चा (आरआरआर हे धातूच्या शुद्धतेचं माप, जास्त तेवढं चांगलं), १.३ गिगाहर्ट्झच्या कॅव्हिटीसाठी साधारण २.८ मिमी जाड. डायमध्ये (साच्यात) दाबून अर्धे सेल, म्हणजे कॅव्हिटीच्या कप्प्यांचे वाटीसारखे अर्धे भाग, काढल्यावर ते रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कुठे तांबूस ठिपका दिसला, तर डायमधलं लोखंड पत्र्यात रुतलंय. ते घासून काढा, मग ॲसिडने थोडा थर उतरवा.

वेल्डिंग इलेक्ट्रॉन बीमनेच, निर्वातात. गरम नायोबियम हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि आरआरआर घसरतो, म्हणून जोड पुरता थंड होईपर्यंत चेंबर उघडायचं नाही. मुंबईच्या पावसाळ्यात चेंबरच्या भिंतींवर ओल बसते, निर्वात व्हायला जास्त वेळ लागतो. घाई नको, उघडलेलं चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरा. वेल्डिंगमध्ये जोड आकसतो; त्या आकुंचनाचा हिशेब आधी नमुन्यावर करा, नाहीतर कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी हुकलीच म्हणा.

पुढे आतून सुमारे १५० मायक्रॉनचा थर ॲसिडच्या मिश्रणाने उतरवा: हायड्रोफ्लोरिक, नायट्रिक, फॉस्फोरिक १:१:२, तापमान १५ अंशांखाली. मिश्रण तापलं की धातूत हायड्रोजन शिरतो. तो ८०० अंशांच्या निर्वात भट्टीतच निघतो. हायड्रोफ्लोरिकजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या ॲसिडने भाजल्यास लावायचं) हाताशी हवंच. शेवटी क्लीनरूममध्ये १०० बारच्या अतिशुद्ध पाण्याने धुवा.