वय वंदना कार्डाच्या शिबिराआधी

रविवारी संघाच्या हॉलवर सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डांची नोंदणी आहे. हे रुग्णालयात पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेचं कार्ड. स्वयंसेवकांनो, टेबल, खुर्च्या, पाणी, चार्जर यांचं वेगळं सांगत नाही.

आधार कार्ड प्रत्येकाने आणायचं. वय आधारवरचंच धरतात. शाळेच्या दाखल्यावर बहात्तर आणि आधारवर अडुसष्ट असेल, तर आधी आधार दुरुस्ती. टेबलापाशी वाद नको. आधारला जोडलेला मोबाइल बहुतेक वेळा मुलाकडे असतो, म्हणून ओटीपीसाठी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. जन्मभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे मशीनवर बरेचदा उमटत नाहीत. तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागते. त्याचं अ‍ॅप शनिवारी रात्रीच फोनमध्ये घ्या आणि एक टेबल खिडकीच्या उजेडात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म भरण्याआधी विचारा: आधीची कोणती सरकारी आरोग्य योजना आहे का? मागच्या वेळी रांग दारापर्यंत गेली होती. मी एका निवृत्त हवालदार काकांना नुसतं "विमा आहे का?" म्हणाले, ते "नाही" म्हणाले, मी पुढे गेले. संध्याकाळी कळलं, ते ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत आहेत. त्यांच्या लेखी तो विमा नव्हताच, ते त्याला पॉलिक्लिनिक म्हणतात. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची योजना), ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना असेल, तर ती किंवा वय वंदना यांपैकी एकच ठेवता येते, आणि ही निवड एकदाच करता येते. एकदाच! जो निर्णय काकांनी घरच्यांशी बोलून घ्यायचा, तो माझ्या घाईने झाला. त्यांच्या बायकोची औषधंही त्याच पॉलिक्लिनिकमधून येतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून "विमा" हा शब्दच वापरू नका. "फौजेत होतात का? केंद्र सरकारची पेन्शन आहे का? औषधं कुठून आणता?" असं विचारा. ऐकू कमी येणाऱ्यांना दोनदा विचारा, सोबत आलेल्या सुनेलाही विचारा. उत्तर "हो" आलं की नोंदणी थांबवा, फोन खाली ठेवा. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय (कामगार विमा) असेल तर अडचण नाही, दोन्ही चालतात.

कार्डावरचे पाच लाख म्हणजे वर्षाला, आणि माणशी नव्हे. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. घर आधीच आयुष्मान भारत योजनेत असेल, तर ज्येष्ठांचे हे पाच लाख वेगळे. उत्पन्नाची अट नाही, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पण खर्च दाखल व्हावं लागलं तरच मिळतो, तोही योजनेतल्या रुग्णालयात. ओपीडीची आशा लावू नका.

कुणाकडून एक रुपयाही घेऊ नका, झेरॉक्सचाही नाही. विमा एजंट दारात फॉर्म वाटताना दिसले तर बाहेर काढा. आपल्या विश्वासावर आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर त्यांच्या वहीत जाता कामा नयेत.

छापील कार्ड हातात द्या, त्यावर योजनेचा हेल्पलाइन नंबर 14555 लिहा. ओटीपी कागदावर लिहिला असेल तर फाडा. आणि "विचार करून सांगतो" म्हणणाऱ्यांची नावं वेगळ्या पानावर घ्या, त्यांच्या घरी मी स्वतः जाईन. पण आधीची योजना विचारल्याशिवाय एकही फॉर्म पुढे ढकलू नका.