चार दिवसांचं स्प्लिट: आठवडा कसा आखायचा

स्प्लिट म्हणजे जिममध्ये कोणत्या दिवशी कोणते स्नायू, याची वाटणी. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं रोज एकच स्नायू घेतला की त्याची पाळी पुन्हा सात दिवसांनी येते. नवशिक्यासाठी हे अंतर फार होतं. त्यापेक्षा सोमवार-गुरुवार वरचं अंग, मंगळवार-शुक्रवार पाय, बाकी सुट्टी. (सोमवारी बेंचपाशी रांग असतेच, मग पायांपासून सुरुवात करा.)

वरच्या अंगाला बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं) आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), प्रत्येकी ६ ते १० रेप्सचे ३ सेट. (व्यायाम एकदा पूर्ण केला की एक रेप; न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट.) मग शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरची दांडी छातीकडे ओढणं), शेवटी बायसेप्स-ट्रायसेप्सचे दोन-दोन सेट. बेंचवर कोपरं अंगापासून ९० अंशांत फाकवू नका, खांदा धरतो. ४५ ते ६० पुरे. पायांना स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकत वजन खाली-वर करणं), लेग कर्ल (मशीनवर गुडघे दुमडणं), पोटऱ्या. मोठ्या व्यायामांत सेटच्या मध्ये २-३ मिनिटं थांबा, नाहीतर स्नायू थकायच्या आधी दम संपतो.

वजन असं घ्या की सेट संपताना अजून १-२ रेप्स जमल्या असत्या. तिन्ही सेटमध्ये १० रेप्स झाल्या की अडीच किलो वाढवा. वहीत नोंद ठेवली नाही तर महिनाभर तेच वजन उचललं जातं आणि दोष प्रोटीन पावडरला दिला जातो.

प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. नुसत्या वरण-भातातून एवढी मिळत नाहीत. दोन्ही जेवणांत अंडी, पनीर, सोयाबीन किंवा चिकन हवंच.