चीनमध्ये माल बनवून घेताय? ड्रॉइंग पाठवण्याआधी एवढं करा

सांगलीजवळ कुपवाडला फौंड्रीवाल्याकडे पॅटर्न (ओतकामाचा नमुना) टाकताना आपण कुठे कागद करतो? पॅटर्न आपला, पडून राहतो त्याच्याकडे. त्यावर त्यानं परस्पर दुसऱ्याचं कास्टिंग काढलं, तर दोन दिवसांत चहाच्या गाड्यावर कळतं. तोच धाक असतो. चीनमधल्या निंगबोच्या कारखानदाराला आपल्या चहाच्या गाड्याचा धाक नाही.

मी द्राक्षबागेसाठी बॅटरीवरची छाटणीची कात्री बनवतो. तिच्या प्लास्टिकच्या बॉडीचा मोल्ड (साचा) तिकडे करून घेतला होता. पैसे माझे, ड्रॉइंग माझं. पुढे दर पटेना म्हणून मोल्ड दुसऱ्या कारखान्यात हलवायचा म्हटलं, तर उत्तर आलं: मोल्ड आमचा. माझ्या हातात काय होतं? ‘टूलिंग चार्जेस’ (साच्याचा खर्च) एवढंच लिहिलेली एक प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ कच्चं बिल, आणि व्हीचॅट या चिनी चॅट ॲपवरचे ‘ओके’चे अंगठे. तो मोल्ड अजून तिकडेच आहे.

म्हणून खाली दिलंय त्याच क्रमानं जा. ड्रॉइंग एकदा गेलं, की यातलं निम्मं काम करून उपयोग नसतो.

नोंदणी, तीही दोन्हीकडे

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यामुळे ‘नोंदणी’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना तेच आठवतं. ते सगळ्या भागाचं असतं. तुमच्या यंत्राला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला लागतात ट्रेडमार्क, डिझाइन, आणि यंत्रात खरोखर नवी युक्ती असेल तर पेटंट.

चीनमध्ये ट्रेडमार्क जो आधी अर्ज करेल त्याचा. तुम्ही इथे पंधरा वर्षं त्या नावानं विकताय, याला तिथे फारशी किंमत नाही. ‘मी चीनमध्ये विकणारच नाही, मग कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण चीनचं कस्टम्स बाहेर जाणारा मालही तपासतं. तुमचं नाव तिथे दुसऱ्यानं नोंदवून कस्टम्सकडे दाखल केलं, तर तुमचाच कंटेनर बंदरात अडकू शकतो. चीन आणि भारत दोघेही माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, भारत २०१३ पासून. म्हणजे इथल्या अर्जाच्या आधारावर तिकडचा अर्ज करता येतो. क्लास, म्हणजे कुठल्या प्रकारच्या मालासाठी नाव नोंदवताय तो वर्ग, मात्र नीट बघा: हाताची कात्री ८ मध्ये, बॅटरीवरची ७ मध्ये. चीनमध्ये क्लासच्या पोटातही उपवर्ग आहेत, तिथे चूक झाली तर नोंदणी असून नसल्यासारखी. चिनी लिपीतलं नावही तुम्हीच ठरवून नोंदवा, नाहीतर ते दुसरा कुणीतरी ठरवतो.

डिझाइन म्हणजे फक्त दिसणं, आकार. इथे लहान उद्योगाला त्याची सरकारी फी १,००० रुपये आहे. इथे अर्ज केल्यापासून ६ महिन्यांत चीनमध्ये केला, तर तिथेही इथलीच तारीख धरली जाते. पेटंटसाठी हीच मुदत १२ महिने. एक पथ्य: अर्जाआधी वस्तू कृषी प्रदर्शनात मांडू नका, यूट्यूबवर टाकू नका, बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. नवेपणा गेला की हक्क गेला. आणि पेटंटचा अर्ज थेट परदेशात करू नका. भारतात राहणाऱ्यानं आधी इथे अर्ज करून ६ आठवडे थांबावं लागतं किंवा पेटंट ऑफिसची लेखी परवानगी घ्यावी लागते.

समोरचा नक्की कोण?

इंग्रजी नावावर जाऊ नका, ते तिथे कायदेशीर नाव नसतंच. बिझनेस लायसन्स मागा. त्यावर चिनी नाव आणि १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, तो तिथल्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. बँक खातं त्याच नावाचं आहे ना, हेही बघा.

करार चावणारा हवा

५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत एनडीए (गुप्ततेचा करार) करून ‘वाद झाल्यास सांगली न्यायालय’ असं लिहिणं म्हणजे मनाचं समाधान. इथे निकाल लागला तरी तो तिकडे बजावून घेणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे मनाला पटत नसलं तरी करार चिनी भाषेत, चिनी कायद्याखाली करा आणि कोर्ट कारखान्याच्या गावचं लिहा. मालमत्ता तिथे आहे, जप्ती तिथेच येणार.

नुसतं ‘गुप्त ठेवू’ पुरत नाही. तीन गोष्टी हव्यात: कुणाला सांगणार नाही, स्वतः वापरणार नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकांना परस्पर गाठणार नाही. मोडल्यास किती रक्कम द्यायची तो आकडा करारातच लिहा. वाजवी लिहा, अवाच्या सवा असेल तर तिथलं कोर्ट कमी करू शकतं. सहीपेक्षा कंपनीचा लाल गोल शिक्का महत्त्वाचा, तोच तिथे कंपनीचा शब्द. करार तिथल्या कायद्याचा सराव असलेल्या वकिलाकडून करून घ्या. नेटवरचा नमुना भाषांतर करून पाठवू नका. शिक्का उमटला, की मगच ड्रॉइंग पाठवा. कोटेशनपुरतं लागलं तर मापं काढून टाकलेलं चित्र पुरतं.

मोल्डचा कागद वेगळा

मोल्ड कुणाचा, त्यावर फक्त कुणाचा माल निघेल, मागितल्यावर किती दिवसांत द्यायचा आणि उशीर झाला तर दिवसाला किती दंड, हे सगळं पैसे पाठवण्याआधी लिहून घ्या. मोल्डवर तुमचं नाव आणि नंबर कोरायला सांगा, फोटो करारालाच जोडा.

सगळं एकाकडे नको

कागद कितीही पक्का केला तरी कोर्टात जायला वेळ आणि पैसा लागतोच, म्हणून मी आता काम फोडतो. बॉडी एकाकडे, मोटर दुसऱ्याकडे, पातं इथेच मिरजेत हार्डनिंग करून. आणि चिपमधला प्रोग्रॅम कुपवाडला माझ्याच टेबलावर भरला जातो. तिकडे दिलाय तो चाचणीपुरता: कात्री उघडते, मिटते, पण काडीच्या जाडीप्रमाणे जोर बदलत नाही.